आटीव दुधाचा डबा



पाककृतींच्या वहीत 'एक डबा मिल्कमेड' अशी ओळ कुठेच नाही, असं घर आता शहरात तरी शोधावंच लागेल. वनस्पती तुपाला जसं सरसकट डालडा म्हटलं जायचं, तसं या गोड, घट्ट, सायीच्या रंगाच्या दुधाला आपल्याकडे मिल्कमेडच म्हणतात. मग डबा कुठल्याही कंपनीचा असो. ऐन वेळी पाहुणे यायचे असले, कोजागरीला मोठं पातेलं चढवायचं असलं, दिवाळीत बाजारच्या खव्याचा भरवसा वाटत नसला, की हा डबा फोडला जातो. आणि पुष्कळदा जेवणानंतर एक शेरा ऐकायला मिळतो, "छान झालंय हो, जरा गोड आहे एवढंच." पाहुणे सभ्य असतात म्हणून 'जरा' म्हणतात.

आज या डब्याविषयीच बोलायचं आहे. आपण तो दुधाच्या जागी वापरतो आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. डब्यात नुसतं दूध नसतं. दूध असतं, भरपूर साखर असते, आणि दोन्ही आधीच आटवून ठेवलेली असतात. म्हणजे बासुंदी करताना आपण जो तासभर पातेल्यापाशी उभ्या राहतो, तो तास कारखान्यात कुणीतरी आधीच घालवलेला असतो. तो तयार तास कुठे उपयोगी पडतो आणि कुठे आपल्यालाच उभं राहावं लागतं, हे कळलं की हा डबा फार कामाचा आहे.

आधी थोडा हिशेब करू. बाजारात मिळणारा नेहमीचा डबा साधारण ४०० ग्रॅमचा असतो. आपल्याकडच्या अन्न सुरक्षेच्या नियमानुसार त्यात दुधाचा घन भाग, म्हणजे पाणी सोडून दुधात जे काही असतं ते, किमान २८ टक्के आणि स्निग्धांश किमान ८ टक्के असावा लागतो. साखर सर्वसाधारणपणे ४० ते ४५ टक्के असते. उरतं ते पाणी. चारशे ग्रॅमला हे प्रमाण लावून पाहा. दुधाचा घन भाग एकशेदहा-वीस ग्रॅम होतो. गाईच्या लिटरभर दुधातून पाणी काढून टाकलं तर साधारण तेवढाच, थोडा जास्त घन भाग उरतो. म्हणजे एका डब्यात जवळजवळ लिटरभर दूध सामावलेलं आहे. त्याच्या जोडीला १६० ते १८० ग्रॅम साखर आहे. लिटरभर दुधाच्या बासुंदीला आपण साखर घालतो शंभर ग्रॅमच्या आसपास. तेव्हा लिटरभर दुधात अख्खा डबा ओतून, वर सवयीनं अर्धी वाटी साखर टाकली तर काय होणार, ते सांगायला नको.

इतकी साखर का घालतात? गोडीसाठी नाही, टिकण्यासाठी. आपला मुरंबा ज्या कारणानं वर्षभर राहतो, त्याच कारणानं हे दूध डब्यात टिकतं. जंतूंना वाढायला पाणी लागतं. इथे पाणी मुळात कमी, आणि जे आहे ते साखरेनं धरून ठेवलेलं. एखादा जंतू पडलाच तर साखर त्याच्याच अंगातलं पाणी ओढून घेते. म्हणून हा डबा भरल्यानंतर पुन्हा कडक तापवून निर्जंतुक करावा लागत नाही. 'इव्हॅपोरेटेड मिल्क' नावाचा जो बिनसाखरेच्या आटीव दुधाचा डबा मिळतो, त्याला मात्र सीलबंद झाल्यावर चांगलाच तापवावा लागतो. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुली-सुनांनी हा फरक लक्षात ठेवावा. तिकडच्या दुकानांत हे दोन्ही डबे शेजारी शेजारी असतात, आकारही सारखाच. एकात गोडी दाटून भरलेली, दुसऱ्यात साखर अजिबात नाही. आग्नेय आशियात आणि आखातात तर 'स्वीटन्ड क्रीमर' नावाचा तिसराही डबा असतो, त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी पाम तेल असतं. दिसायला तोही तसाच.

आता गंमत बघा. घरी दूध आटवलं की ते पिवळसर, मग बदामी होतं, त्याला खमंग वास येतो. डब्यातलं दूध मात्र फिकट असतं, आणि त्याला करपटपणाचा मागमूस नसतो. याचं कारण ते उकळतात कसं, यात आहे. महाबळेश्वरला पाणी पुण्यापेक्षा थोड्या कमी तापमानाला उकळतं, कारण वर हवेचा दाब कमी. कारखान्यात बंद भांड्यातली हवा पंपानं ओढून दाब इतका कमी करतात, की दूध पन्नास-साठ अंशांनाच उकळायला लागतं. पाणी निघून जातं आणि दूध भाजलं जात नाही.

शेवटी आणखी एक नाजूक काम असतं. दुधात स्वतःची एक साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. ती पाण्यात फारशी विरघळत नाही. दूध आटलं की तिचे खडे बनू लागतात आणि जिभेला वाळू लागते. म्हणून दूध थंड करताना त्यात लॅक्टोजची अगदी बारीक पूड घालून ढवळतात. विरजणानं जसं दही लागतं, तसं या पुडीभोवती असंख्य बारीक कण तयार होतात, पण जिभेला जाणवू नयेत इतके लहान. घरी केलेलं कंडेन्स्ड मिल्क चार दिवसांनी रवाळ का लागतं, त्याचं हे उत्तर.

निर्वात भांड्यात दूध आटवण्याची ही युक्ती यशस्वी करून दाखवली ती गेल बॉर्डन या अमेरिकन गृहस्थानं. हा माणूस मोठा खटपट्या होता. त्यानं आधी मांसाचं सत्त्व काढून त्याची बिस्किटं केली, १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्यांना पदकही मिळालं, पण ती कुणी विकत घेईना. त्या प्रदर्शनाहून परतताना जहाजावरच्या गाई आजारी पडल्या आणि दुधावाचून लहान मुलं दगावली, ते पाहून त्यानं टिकाऊ दुधाचा ध्यास घेतला, अशी हकिकत सांगितली जाते. १८५६ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, सैन्याला हे डबे हवेच होते, आणि बॉर्डनचं बस्तान बसलं. १८६६ मध्ये चार्ल्स आणि जॉर्ज पेज या अमेरिकन भावांनी स्वित्झर्लंडमध्ये अँग्लो-स्विस कंडेन्स्ड मिल्क कंपनी काढली. ती १९०५ मध्ये नेस्ले कंपनीत विलीन झाली, आणि १९१२ पासून या जोडनावाच्या कंपनीचा माल आपल्या देशात येऊ लागला.

आपल्याकडे हे दूध तयार कसं होऊ लागलं, त्याची हकिकत डॉ. वर्गीस कुरियन यांनी 'आय टू हॅड अ ड्रीम' या आत्मकथनात दिली आहे. १९५६ मध्ये ते स्वित्झर्लंडला नेस्लेच्या अधिकाऱ्यांना भेटायला गेले होते. हे डबे भारतातच, भारतीयांच्या हातून तयार व्हावेत, असं आपल्या सरकारचं म्हणणं होतं. त्यावर, हे काम फार नाजूक आहे, तिथल्या लोकांवर ते सोपवता येणार नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. कुरियन उठून चालते झाले. पुढच्या दोन-तीन वर्षांतच आणंदच्या अमूल डेअरीत कंडेन्स्ड मिल्क तयार होऊ लागलं. नेस्लेचा इथला पहिला कारखानाही १९६१ मध्ये पंजाबात मोगा इथे उभा राहिला. तेव्हा आज दुकानाच्या फळीवर हे दोन डबे शेजारी दिसतात, त्यांच्यामागे एवढा इतिहास आहे.

या इतिहासातला एक भाग मात्र गोड नाही आणि तो टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. लहान मुलांच्या कळवळ्यातून निघालेलं हे दूध पुढे तान्ह्या बाळांच्याच मुळावर आलं. इंग्लंडमध्ये साय काढलेल्या दुधाचे स्वस्त डबे गरीब घरांतून बाळांना पाजले जात. साय गेली म्हणजे अ आणि ड जीवनसत्त्वं गेली. मुलांना मुडदूस होऊ लागला. अखेर अशा डब्यांवर 'बाळांसाठी नाही' असं छापणं तिथे सक्तीचं झालं. १९३९ मध्ये सिंगापूरला डॉ. सिसिली विल्यम्स यांनी रोटरी क्लबात एक भाषण केलं. त्याचं नावच होतं 'मिल्क अँड मर्डर', दूध आणि खून. आईच्या दुधाऐवजी गोड डब्याचं दूध पाजल्यानं मुलं मरतात, आणि त्याची जाहिरात करणारे त्याला जबाबदार आहेत, हे त्यांनी भर सभेत सांगितलं. कुपोषणाच्या क्वाशिओरकोर या रोगाची जगाला ओळख करून देणाऱ्या त्याच या डॉक्टरबाई.

आपल्याकडे १९९२ पासून बालकांच्या दुधाच्या विक्रीवर आणि जाहिरातीवर बंधनं घालणारा कायदा आहे. तरीही, बाळ रडतंय, आईचं दूध पुरत नाही, डब्यावर तर दूध लिहिलंय, मग चमचाभर पाण्यात कालवून द्यायला काय हरकत, असं म्हणणारं माणूस भेटतं. हरकत आहे. पाण्यात कालवलं की त्यातून बाळाला मिळते मुख्यतः साखर. पोट भरल्यासारखं वाटतं, बाळ झोपतं, आणि वाढ मात्र खुंटते. पहिले सहा महिने आईचंच दूध, आणि ते खरोखर कमी पडत असेल तर डॉक्टरांचा सल्ला. हा डबा नाही. दोन वर्षांपर्यंत वरची साखर टाळावी, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. तेव्हा बोटाला लावून चाटवण्याचं कौतुकही राहू द्यावं. मोठ्यांपैकी ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्यासाठी एवढंच सांगते की एका मोठ्या चमच्यात, म्हणजे वीस ग्रॅममध्ये, दुधाची आणि वरची मिळून अकरा ग्रॅमच्या आसपास साखर असते.

आता स्वयंपाकघरात येऊ.

पहिली सवय लावून घ्यायची ती साखरेचा डबा फळीवरच ठेवण्याची. पदार्थ पूर्ण झाला, निवला, चाखला आणि मग कमी वाटली तरच साखर. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे, पण ती फार कमी जणींना ठाऊक असते. तांदूळ, शेवया, साबुदाणा, दलिया यांची खीर करताना दाणा आधी साध्या दुधात पूर्ण शिजू द्या, बोटानं दाबून बघा, आणि मगच कंडेन्स्ड मिल्क घाला. दाणा शिजतो तो पाणी पिऊन फुगल्यामुळे. साखर ते पाणी स्वतःकडे धरून ठेवते. आधीच डबा ओतला तर खीर कितीही उकळा, तांदूळ मध्ये टच्च राहतो. गाजर हलव्याचंही तसंच. गाजर दुधात किंवा स्वतःच्या पाण्यात मऊ शिजलं, कोरडं झालं, की मग किलोभर गाजराला अर्धा डबा पुरतो. माझं मत विचाराल तर गाजर हलव्यात नुसतं कंडेन्स्ड मिल्क घालू नये. हलवा चिकट होतो, खव्याचा रवाळपणा येत नाही. अर्धा डबा आणि मूठभर खवा, हा मला मान्य होणारा तह.

बासुंदीत काय होतं ते बघा. तिचा जीव असतो सायीत. पातेल्याच्या कडेला जमणारी साय खरवडून पुन्हा दुधात सोडायची, हे काम डबा करू शकत नाही. म्हणून लिटरभर म्हशीचं दूध घेऊन आधी वीस-पंचवीस मिनिटं नेहमीसारखं आटवा, साय सोडत राहा. दूध दोन-तृतीयांश झालं की अर्धा डबा घाला आणि पाच मिनिटांत गॅस बंद करा. डबा घातल्यावर आच मंद हवी आणि उलथनं तळाला फिरत राहायला हवं. साखर आणि दुधातली प्रथिनं एकत्र आली की तळ फार लवकर धरतो. वेलचीबरोबर जायफळ, आणि वरून साखर अजिबात नको. ही बासुंदी पाऊण तासात होते आणि डब्याची आहे हे सहसा ओळखू येत नाही.

खरवसावर मात्र थोडं सविस्तर बोलते, कारण शहरात चीक मिळणं आता दुर्मीळ झालं आहे. व्यालेल्या गाईच्या किंवा म्हशीच्या पहिल्या दुधात, चिकात, अशी प्रथिनं भरपूर असतात जी नुसत्या उष्णतेनं अंड्यासारखी आळतात. म्हणून चिकात दूध आणि गूळ घालून वाफवलं की खरवस आपोआप घट्ट होतो. नेहमीच्या दुधात मुख्य प्रथिन वेगळं असतं, ते उष्णतेनं आळत नाही. ते आळतं आंबटपणानं. म्हणून चिकाशिवायच्या खरवसात दही लागतं. एक वाटी कंडेन्स्ड मिल्क, एक वाटी दूध आणि एक वाटी ताजं घट्ट दही घ्या. दही पातळ कापडात अर्धा तास टांगून त्यातलं पाणी काढा. ते आंबट असता कामा नये, नाहीतर मिश्रण फुटून रवाळ होतं. तिन्ही हलक्या हातानं एकत्र करा. मिक्सरमध्ये फिरवू नका, बुडबुडे राहतात आणि मग भोकं पडतात. वेलची, जायफळ, चार काड्या केशर. डब्याला झाकण लावा, म्हणजे वाफेचं पाणी आत ठिबकणार नाही, आणि मोदकपात्रात किंवा शिट्टी काढलेल्या कुकरात पंचवीस-तीस मिनिटं वाफवा. मध्यभागी सुरी घालून बघा, ती कोरडी निघाली की झालं. पूर्ण निवल्यावर तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मगच वड्या कापा. गरम असताना कापायचा मोह झाला तर चमच्यानं खावं लागेल.

हा पदार्थ खरवस म्हणावा का, यावर घरोघर वाद होतात. चिकाच्या खरवसाला दाताखाली येणारा किंचित चिवटपणा आणि ती जाळी यात नाही, हे कबूल केलं पाहिजे. पण वासराच्या वाटणीचा चीक नको, असं म्हणणारी मंडळीही आहेत, त्यांना हा समाधान देतो. आणि गंमत म्हणजे हाच पदार्थ, जवळजवळ याच मापानं, बंगालमध्ये 'भापा दोई' म्हणून करतात. तिथे त्याला कुणी नकली म्हणत नाही.

नारळाच्या वड्यांची गोष्ट उलटी आहे. आपली जुनी वडी खुटखुटीत होते, कारण पाकातली साखर निवताना पुन्हा दाणा धरते. कंडेन्स्ड मिल्कमधली प्रथिनं आणि स्निग्धांश साखरेला असा दाणा धरू देत नाहीत. म्हणून दोन वाट्या ओल्या खोबऱ्यात अर्धा डबा घालून, मंद आचेवर मिश्रण कडा सोडेपर्यंत ढवळलं, तर मऊ वडी मिळते, खुटखुटीत नाही. पाक चुकण्याची धास्ती नसल्यामुळे नवशिक्यांना ही बरी. मऊपणा आवडत नसेल तर सरळ लाडू वळावेत. ब्राझीलमध्ये कंडेन्स्ड मिल्क, कोको आणि लोणी असंच कडा सोडेपर्यंत आटवून 'ब्रिगेडेरो' नावाचे छोटे लाडू वळतात आणि मुलांच्या वाढदिवसाला ते असावेच लागतात. परीक्षा तीच, तळाशी उलथनं फिरवलं की वाट दिसली पाहिजे. आपल्या शेजारी गोव्यात 'सेरादुरा' होतो, तो पोर्तुगीजांकडून आला. मारी बिस्किटांचा भुगा आणि कंडेन्स्ड मिल्क घालून फेटलेली क्रीम, यांचे थर देऊन गार करायचं. या पदार्थाला गॅसच लागत नाही. नावाचा अर्थ लाकडाचा भुसा. सुताराच्या दुकानातल्यासारखा दिसतो खरा.

आंबट फळांशी या दुधाचं नातं जरा जपून जुळवावं. लिंबाचा रस घातला की साधं दूध फाटून पाणी वेगळं होतं. इथे पाणीच कमी असल्यामुळे दूध न फाटता दाट होतं, आणि अमेरिकेतलं लिंबाचं 'की लाइम पाय' याच गुणावर उभं आहे. हापूसचा रस तर बिनधास्त घालावा. अननस मात्र कच्चा घालू नये. त्यात प्रथिनं तोडणारा घटक असतो, त्यानं थोड्या वेळात पदार्थ कडवट होतो. फोडी आधी शिजवून घेतल्या की तो घटक नष्ट होतो.

कुल्फीच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. साखरेमुळे पाणी उशिरा गोठतं, म्हणूनच कुल्फीत बर्फाचे मोठे खडे होत नाहीत, ती मऊ राहते. पण साखर जास्त झाली तर ती गोठतच नाही, साच्यातून निघताना गळते. अर्धा लिटर म्हशीचं दूध थोडं आटवून निववलं, त्यात अर्धा डबा आणि दोन चमचे दूध पावडर, हे प्रमाण चुकत नाही. अंड्याशिवायचा केक हाही याच डब्याच्या कृपेनं आपल्या घरांत रुळला. अर्धा डबा, साठ ग्रॅम लोणी, सव्वाशे ग्रॅम मैदा, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि मिश्रण सैल करण्यापुरतं पाणी. जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, वर जाळी ठेवून भाजणार असाल तर आच अगदी बारीक हवी. या केकचा रंग फार पटकन चढतो, वरून काळा आणि आत कच्चा अशी गत होते.

रंग चढण्यावरून एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. बंद डबा तसाच पाण्यात तीन तास उकळला की आतलं दूध खमंग तपकिरी होतं, हा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो. तो कृपा करून मानू नका. पाणी आटून डबा उघडा पडला, तर आतला दाब वाढून तो फुटू शकतो आणि उकळता चिकट पदार्थ अंगावर उडतो. उत्पादक स्वतःच तसं करू नका म्हणून सांगतात. तीच चव बिनधोक मिळते. डबा उघडून दूध स्टीलच्या डब्यात ओता, वर थोडी जागा राहू द्या, घट्ट झाकण लावा. कुकरात डब्याच्या अर्ध्यापर्यंत पाणी घ्या आणि एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर तीस ते चाळीस मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरेपर्यंत कुकर उघडायचा नाही. आत जे तयार होतं, ते अर्जेंटिनात पावाला लावून खातात. आपल्याला ती चव परकी वाटत नाही. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा खवा तपकिरी होईपर्यंत भाजतात, बेळगावच्या कुंद्याला असाच रंग येतो. दुधातली प्रथिनं आणि साखर तापून एकमेकांशी जे काही करतात, ते तिन्ही ठिकाणी एकच आहे.

डबा न आणता घरी करायचं झालं तर लिटरभर पूर्ण स्निग्धांशाचं दूध आणि १८० ग्रॅम साखर जाड बुडाच्या पातेल्यात आटवावी. साखर दूध अर्धं झाल्यावर घालावी. किती आटवायचं याचा अंदाज डोळ्यांनी येत नाही, कारण गरम असताना ते पातळच दिसतं. रिकामं पातेलं आधी तोलून ठेवा. आतला ऐवज साडेचारशे ग्रॅमच्या आसपास आला की थांबा, आणि पातेलं गार पाण्यात ठेवून निवेपर्यंत ढवळत राहा. घाई असेल तर एक कप दूध पावडर, पाऊण कपाला कमी साखर, एक-तृतीयांश कप कडकडीत पाणी आणि तीन चमचे लोणी मिक्सरमधून फिरवा, पाच मिनिटांत काम होतं. पण हे दोन्ही प्रकार फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावेत. घरी पाण्याचं प्रमाण कारखान्यासारखं राखता येत नाही.

विकतचा डबासुद्धा एकदा फोडला की टिकाऊ राहत नाही. उरलेलं दूध काचेच्या बरणीत काढावं, ओला चमचा घालू नये, फ्रिजमध्ये आठ-दहा दिवसांपलीकडे ठेवू नये. फुगलेला किंवा गंजून भोक पडलेला डबा घरात आणू नये. जुन्या डब्यातलं दूध थोडं गडद आणि दाट झालेलं असतं. मुदत संपलेली नसेल तर ते वापरायला हरकत नाही. आणि बरणीत काढल्यावर डब्याच्या आतल्या बाजूला दोन-तीन चमचे दूध चिकटून राहतंच. मुंग्या लागण्याआधी त्यात कपभर गरम दूध ओतावं, कापलेली कड सांभाळून चमच्यानं ढवळावं, गाळून पेल्यात घ्यावं आणि वर जायफळ किसावं.